निधी उपलब्धतेनुसार

सोडतीत कुणाचं नाव लागलं
हे मला फैजपूरच्या चहावाल्याकडून कळतं.
त्याला कळतं, लिलाधरशेठच्या दुकानासमोर
टेम्पो उभा राहिला की.
काळ्या नळीची बंडलं, ट्रकच्या टायरएवढी,
उतरवायला चार माणसं, चार माणसांना चार कट.
त्यातला एक मी, फिटर.
कमरेला पंच, खिशात ग्रोमेट,
आणि पँटीला केळीचा डाग,
जो कुठल्याच साबणाला दाद देत नाही.

अनुदान शेतकऱ्याला मिळतं, असं पेपरात येतं.
खोटं नाही. पण ते शेतात थांबत नाही.
शेवटची टोपी उघडी राहिली
की पाणी जसं पुढे निघून जातं, तसं:
जळगावच्या एमआयडीसीत दाणा वितळवून
नळी ओढणारी मशीन,
तिच्याजवळ जांभया देत उभा माझा साडू,
टेम्पोचं डिझेल, वेल्डरची कांडी,
अर्ज भरून देणाऱ्या पोरीचे शंभर रुपये.

गेल्या मार्चात निधी आला नाही.
लिलाधरशेठ म्हणाला, "थोडं थांबू, भो."
थांबू म्हणजे काय, ते साडूनं सांगितलं:
आधी ओव्हरटाइम गेला, मग रात्रपाळी,
मग तो.
चहावाल्यानं दूध निम्म्यावर आणलं.
कुणाचंही पीक बुडालं नव्हतं.
केळी हिरवीगार उभी होती.

इथंच थांबलो असतो तर सोपं होतं.
पण परवा हिंगोण्याच्या मळ्यात सबमेन जोडताना
बांधावर सिकंदर तडवी येऊन बसला.
बारे देणारा.
वीस वर्षं, लाइट रात्री दीडला यायची तेव्हा
बॅटरी आणि फावडं घेऊन ओळ न ओळ फिरलेला.
वाफा भरला, हे त्याच्या पायाच्या बोटांना
डोळ्यांआधी कळायचं.

त्यानं माझा पंच हातात घेतला,
उलटसुलट करून पाहिला.
"एका नळीला किती भोकं?"
मी सांगितलं.
तो बोटांवर मोजत राहिला,
भोकं नव्हे,
रात्री असाव्यात.

मग म्हणाला, "पोरगा बारावी झालाय.
तुझ्या हाताखाली घेशील?"
मी उगाच मोबाइल काढला.
पोर्टलवर पुढच्या गावांपुढं अजून तेच लिहिलेलं.

व्हॉल्व्ह उघडला.
थेंब लगेच पडत नाही.
आधी नळीतली हवा निघते, सूं सूं करत,
एकेका भोकातून.
आम्ही दोघं ऐकत बसलो.