चलनांवरचा तुकडा

अंबडला, पत्र्याच्या शेडमध्ये
मंदाकिनी पगारांचं क्रँक-बॅलन्सिंग.
आडनाव पगार, आणि पगार मात्र
दहा तारखेच्या आत कधी नाही,
हा आमचा जुना विनोद.
सगळ्यात आधी त्याच हसायच्या.

देवळाली कॅम्पातून दस्तूरांची गाडी आली,
तिसऱ्यांदा, टोचन करून.
परदेशी, आठ सिलिंडरची, गिअर आपोआप पडणारी.
इंजिन आम्हीच उतरवून, धुऊन, बांधून दिलेलं.
"उभी असते तेव्हा गरीब गाय," दस्तूर म्हणाले,
"विल्होळीच्या चढाला अंगात येतं तिच्या.
आरशात मागच्या एका ट्रकचे दोन दिसतात."

रबरी माउंट बदलले.
गिअरबॉक्स खाली घेतला, वर चढवला.
पुण्याहून नवा टॉर्क कन्व्हर्टर मागवला,
स्वतःपुरता नीट तोललेला,
कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला.
थरथर होती तिथेच.

मग बाईंनी क्रँक मशीनवर घेतला.
दांड्यांच्या जागी बॉबवेट आवळले,
पट्टा फिरला,
काटा एका बाजूला जाऊन रुसल्यासारखा बसला.
"एका अंगाला जड आहे. ड्रिल मारू?" मी.
"थांब. बिघडलेला नाही तो.
तसाच घडवलाय."

काही क्रँक आपल्यातच पुरे असतात, त्या म्हणाल्या,
त्यांना सपाट प्लेट चालते.
काहींच्या पोटात तेवढ्या वजनाला जागाच नसते.
मग कारखाना उरलेलं बाहेर ठेवतो,
थोडं पुढच्या पुलीत,
थोडं मागे, फ्लेक्सप्लेटमध्ये.
एकट्याला तोलशील तर खोटाच ठरणार तो.

फ्लेक्सप्लेट घेतली हातात.
परातीएवढी, पातळ, कडेला दात.
बोटं फिरत फिरत एका जागी थांबली,
जिथे पत्र्याला निळसर डाग होता
आणि डागावर माझं पॉलिश.

मला सगळं आठवलं.
वेल्डिंगने चिकटवलेला ओबडधोबड तुकडा.
वाटलं, कुणा अडाण्याने ठिगळ लावलंय.
ग्राइंडरने टाके उडवले, छिन्नीने तुकडा काढला,
कापडाने पुसून प्लेट उजेडात धरली
आणि कुणी बघतंय का ते पाहिलं.

"तुकडा कुठाय?"

ऑफिसात पंखा. पंख्याखाली चलनं.
चलनांवर, चार महिने झाले, तो.
चंद्रकोरीसारखा दिसायचा
म्हणून भंगारात टाकवला नव्हता.

बाईंनी उचलला तशी चलनं उडाली,
कॅलेंडरवर, चहाच्या कपात, दस्तूरांच्या मांडीवर.
कुणीच वाकलं नाही.
काट्यावर: एकशे एकेचाळीस ग्रॅम.
एका बऱ्यापैकी कांद्याएवढं.
एवढ्यासाठी दोन वेळा गिअरबॉक्स,
आणि पुण्याचा तो निर्दोष कन्व्हर्टर.

प्लेटला सहा भोकं,
त्यातलं एक मुद्दाम जरासं सरकवलेलं,
उलटसुलट बसूच नये म्हणून.
कुणीतरी, कुठेतरी, कागदावर वाकून
इतका पुढचा विचार करून ठेवला होता
आणि इथे मी, ग्राइंडर घेऊन.

तुकडा डागावर ठेवला, टाके मारले.
प्लेट क्रँकला लावून फिरवली.
दोन ग्रॅम जास्त निघाले,
ते बाईंनी मला घासायला लावले. कानशीनेच.
काटा मधे आला, हलला,
राहिला.

विल्होळीच्या चढावर दस्तूर आरशात बघत होते,
रस्त्याकडे मी.
"एकच आहे," ते म्हणाले. "ट्रक."

त्या महिन्याचा पगार बारा तारखेला झाला.
एकशे एकेचाळीस रुपये कमी.
पाकिटावर बाईंच्या अक्षरात एकच शब्द: वजन.

चलनांवर आता नदीतला गोटा असतो.
कशाचाच भाग नसलेला.
मी विचारून घेतलं.