पाचवं नाव

आज निर्बंधांची यादी आली.
सात नावं, टोपणनावांसकट.
पाचव्याच्या जन्मतारखेशी थबकले:
आमच्या उन्मेषचीच, साल तेवढं वेगळं.

त्या मंगळवारी वुल्व्हरहॅम्प्टनात
एक्स-रे विभागातले सगळे पडदे
एकदम काळे झाले.
मी जुन्या पाकिटांवर नावं लिहीत सुटले.
ऑलरेनशॉबाई कोट न काढता
चार तास बसून राहिल्या,
मग म्हणाल्या, उद्या येते, पोरी.
उद्या यंत्रं बंदच होती. परवाही.
सुरू झाली त्या दिवशी
त्यांच्या नावाला कुणी ओ दिली नाही.

लंडनहून कळवतात:
सातही जणांची इथली मालमत्ता गोठवली आहे.
इथे त्यांचं काय असणार?
एखादी विसरलेली छत्री?
आणि या देशात पाऊल ठेवायला मनाई.
वुल्व्हरहॅम्प्टनला मुद्दाम येतं कोण म्हणा.

तरी पाचव्याला कुणीतरी सांगेलच.
चहा ढवळता ढवळता
तो आपलं नाव परक्या लिपीत वाचेल,
स्पेलिंग चुकलंय का बघेल.

ऑलरेनशॉबाईंचं मी त्या पाकिटावर
दोनदा खोडून लिहिलं होतं.
तिसऱ्यांदा बरोबर आलं
तेव्हा त्या हसल्या होत्या.