पान नऊ

गोष्ट मला कुंभारवाड्यात मिळाली, पणत्या घेताना.
भागूबाई पाच-पाचच्या ढिगानं मोजत होत्या
आणि मोजणी न चुकवता सांगत होत्या:
भट्टी काही लागेना. तीन अवसा गेल्या,
मडकं तडकायचंच.
मग कुंभारानं धाकटीला आत पाठवलं,
"नीट रच गं, तुझाच हात बारीक,"
आणि बाहेरून दार लिंपून घेतलं.
पंच्याऐंशी. नव्वद.
त्या खेपेला एकही मडकं तडकलं नाही.
भावानं त्यातलंच एक नदीवर नेलं,
पाण्यात धरलं, तर ते बुडबुडलं:
दादा, दादा, पाणी गार आहे का रे?
शंभर. पिशवी आणलीय का?

पणत्यांवरच ठेवली मी गोष्ट.
नारायण पेठेत पोचेपर्यंत
खालची एक पणती फुटली होती.

दाबके संपादक भला माणूस.
रेखाटनं डोळ्यांजवळ धरून बघितली,
चहा सांगितला, मग पेन्सिलीनं हळूच लिहिलं:
वयोगट सहा ते नऊ.
पान नऊवर भट्टीऐवजी सूर्योदय चालेल?
मुलगी मामाकडे गेली, असं करता येईल.
"पालक पुस्तकं परत आणून देतात हो."

काढलं मी मामाचं गाव.
आंबे काढले, रहाट काढला, हसणारी गाय काढली.
गाय माझ्याकडे बघेना.

मलाही एकदा हेच सांगितलं होतं.
अप्पू मामाकडे गेलाय, तापातून उठला की लगेच.
मे महिन्यात आम्ही मामाकडे गेलो.
मी माजघर पाहिलं, गोठा पाहिला,
कणगीत डोकं घालून हाक मारली.
मामीनं हातावर लाडू ठेवला
आणि दुसरा ठेवला, मी मागितला नसताना.
तेव्हापासून मला
गोष्टीतल्या मामाची भीती वाटते,
राक्षसाची नाही.

गाय खोडली. लिंपलेलं दार काढलं,
ओल्या मातीवर बापाची पाच बोटं,
अंगठा जरा खोल गेलेला.
एवढंच. आत कोण, ते शब्दांवर सोडलं.

नौशादभाईंच्या बाइंडिंगच्या गाळ्यात
त्यांची रुखसार, दुसरीतली,
कच्च्या फर्म्यांवर पालथी पडून वाचत होती.
पान नऊवर थांबली.
बोटांच्या ठशांवर स्वतःची बोटं ठेवून पाहिली, पुरली नाहीत.
पान उलटलं, परत मागे आली.
"आतलं चित्र कुठंय?"
म्हटलं, आत अंधार आहे.
"मग अंधाराचं काढा ना.
ती एकटीच बसलीय तिथं."

त्या रात्री एक पान वाढवलं.
काळ्यावर काळं, त्यावर पुन्हा काळं,
ब्रश धुतलाच नाही.
मधे कुठेतरी तिचा गुडघा आहे,
ज्याला शोधायचाय त्यालाच दिसेल.
दाबके बराच वेळ बोलले नाहीत.
मग पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले,
"ठेवू या. परत आली पुस्तकं
तर माझ्या कपाटात जागा आहे."

छापखान्यातून मात्र निरोप आला:
मॅडम, एवढी काळी शाई वाळत नाही,
पान नऊ आणि दहा चिकटतात,
नंतर बोंब मारू नका.

चिकटलीच. अकराशेच्या अकराशे प्रती.
अप्पा बळवंत चौकात एका दुकानाच्या पायरीवर
परवा एक मुलगा अडलेला पाहिला,
आई रिक्षाशी भाव करत होती.
त्यानं पान उजेडात धरलं, हलवलं,
कोपऱ्यात नख घातलं
आणि जीभ दातांत धरून,
फाटू नये म्हणून अगदी सावकाश,
दार उकलायला लागला.
कर्र, असा आवाज आला.
मग त्यानं तोंड जवळ नेलं
आणि काहीतरी विचारलं आत.