लिहून देतो की

मी, निंबा सखाराम खैरनार, वय अठ्ठावन्न,
धंदा टंकलेखन, राहणार सातपूर, नाशिक,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की
जिल्हा न्यायालयाच्या भिंतीला पाठ लावून
एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचं खरं टाइप केलं.
नावातला बदल, हरवलेली गुणपत्रिका,
वारस किती, त्यातले हयात किती.
पानाला वीस रुपये. चूक माझी असेल तर फुकट.

शलाका माझी धाकटी, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला.
फेब्रुवारीत म्हणाली, नेदरलँड्सची फेलोशिप आहे,
वर्षभराची, पाण्याच्या कायद्यावर.
मी म्हटलं, पाण्याला कसला आलाय कायदा,
आणि जीभ चावली.
डाव्या कालव्याच्या पाळीवरून दोन चुलतभाऊ
माझ्याच बाकावर बसून, एकाच दुपारी
एकमेकांच्या उलट प्रतिज्ञापत्रं करून गेले होते.
दोघांचा चहा मीच सांगितला होता.
तिनं ते लगेच वहीत उतरवलं,
चहासकट.

पाचशे शब्दांत सांगायचं होतं: तुम्ही कोण, आणि का.
कोण, ते मला झोपेतही जमतं.
पण 'का' असा रकाना
कोर्टाच्या एकाही नमुन्यात मी पाहिला नाही.

बोरस्ते वकीलबाई म्हणाल्या, शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करते.
वाचलं, आणि टराटरा फाडलं.
"स्वतःबद्दल एवढी काटकसर? जा, नीट लिही."

मग उत्पन्नाचा पुरावा लागला.
त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्यासाठी कागद लावला
आणि स्वतःच्याच नावात चूक केली.
निंबाचं निबा झालं.
नोटरीनं शिक्का मारला, पैसे घेतले नाहीत,
नुसता आकड्याकडे बघत राहिला.

शेवटचा मसुदा मीच टाइप केला, हट्टानं.
इंग्रजी मला अक्षरांनी येतं, अर्थानं थोडकं.
पण 'फादर' ओळखतो.
चार वेळा आलं. चौथ्यांदा
बोट थोडं थांबलं, एवढंच.
त्या वाक्यात काय आहे ते मी विचारलं नाही,
तिनंही सांगितलं नाही.

मुलाखत त्यांच्या दुपारी, आपल्या संध्याकाळी.
घराशेजारी पत्र्याच्या प्रेसची दुसरी पाळी सुरू,
म्हणून बार रूमच्या वाचनालयात बसली,
एअर रिपोर्टरच्या लाल पाठींपुढे.
मी बाहेर पायरीवर.
शिपाई किल्ल्या वाजवत होता, त्याला तंबाखू दिली,
मग त्याच्या मुलीचं लग्न काढलं, मग जावयाचं.
आतून ती एकदा हसली.
इंग्रजीत हसू वेगळं येतं का?
मला तर तेच वाटलं, लहानपणी
मशीनची घंटी वाजली की यायचं ते.

निकाल मेमध्ये लागला. प्रतीक्षा यादी, क्रमांक दोन.
वरच्या दोघांनी नकार दिला, तर हिला.
ती म्हणाली, बहुतेक एक मुलगी केनियाची आहे.

आता हे लिहायला नको, पण शपथेवर आहे म्हणून लिहितो:
त्या रात्री मी देवासमोर उभा राहिलो
आणि मागणं तोंडाशी येऊन अडलं.
तिथंही कोर्टाबाहेर कुणीतरी बसत असेल,
बोटांना शाई, पाठीला भिंत.
त्याच्या पोरीचा कागद फिरावा
असं कुठल्या तोंडानं मागू?
निरांजन लावलं आणि झोपलो.

शलाका सध्या अकराला माझ्यासोबत येते.
दुसऱ्या खुर्चीवर बसते, पक्षकारांना विचारते
ते फॉर्मात नसलेलं.
काल एका म्हातारीला म्हणाली, पण का, आजी?
म्हातारी पाऊण तास बोलली.
माझी तीन गिऱ्हाइकं गेली.

वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे.
ठिकाण : नाशिक
दिनांक कोरा सोडलाय.
तो नेहमी नंतर, हातानं भरतात.