व्याज टाकण्याआधी

एकतीस मार्च, रात्रीचे पावणेबारा.
मार्केट यार्डातले हळदीचे सौदे कधीच उठले,
पतसंस्थेच्या सर्व्हरच्या जाळीवर
पिवळी भुकटी मात्र अजून बसतेच आहे.
ब्रशनं झाडते, मग कीबोर्डवर येते.
काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ
उघडझाप करत विचारतेय, बोल, काय करू?

मुजावर सरांनी निवृत्त होताना
चाव्यांचा जुडगा दिला आणि एक वाक्य:
"हात लावायच्या आधी फोटो, पोरी. नंतर नाही."

एलव्हीक्रिएट, हायफन एस, दहा जीबी,
नाव: मार्चअखेर_आधी.
एंटर.
पापणी लवायच्या आत झालासुद्धा.
चौतीस हजार सभासद,
कुणी जागचं हललं नाही.

पहिल्यांदा वाटलं होतं, मशीन फसवतंय.
एवढं सगळं एवढ्यात कसं उतरवलं?
सर हसले. "उतरवत नाही गं.
जुना मुनीम आहे तो.
जे खोडायचं तेवढंच आधी
दुसऱ्या चोपडीत टिपून ठेवतो."

म्हणजे फोटो रिकामाच जन्मतो,
आणि आपण जे जे पुसू
त्यानं भरत जातो.

एलव्हीएस.
यादीत माझ्याच्या वर एक जुना, तेवीस जुलैचा,
सरांच्या शेवटच्या आठवड्यातला.
नाव: आधी. एवढंच.
सत्त्याण्णव टक्के भरलाय.
शंभर झाले की आपोआप बाद होईल,
आणि वाढवायला आता जागा नाही.

काढण्याआधी उघडला, फक्त वाचण्यापुरता.
खातं अकरा हजार दोनशे सहा.
हुस्नाबी दस्तगीर मुजावर.
शिल्लक चारशे बारा. स्थिती: चालू.

आजच्या खात्यात तिथं 'मयत' आहे.
बदल चोवीस जुलैचा,
सरांच्याच लॉगिननं.

फोन केला. ते जागेच होते.
"जागेचा प्रश्न आहे का?"
"हो."
"मग काढ."
बराच वेळ मिरजेकडचा पंखा ऐकू येत राहिला.
"बॅकअप नव्हताच गं तो.
त्याच डिस्कच्या पोटात होता.
आयर्विनला पाणी चढलं, तर
खरं आणि फोटो, दोन्ही एकदमच बुडायचे.
शनिवारची डिस्क विट्याच्या एसटीनं
पाठवतेस ना वर?"
पाठवते, म्हटलं. डब्याच्या पिशवीत.
"बास मग."

एलव्हीरिमूव्ह.
खरंच काढायचा? वाय की एन?
यंत्र एकदाच विचारतं,
आणि कितीही वेळ थांबतं.

बाहेर वॉचमननं बाराचे टोल दिले.
मी वाय दाबला.

मग व्याज सोडलं.
खाती एकेक करून बदलू लागली,
आणि माझ्या नव्या फोटोसमोरचा शून्य
हलला:
पॉइंट शून्य दोन.