सहाशे तेरा

आकडा थांबला तो गेल्याच्या गेल्या फेब्रुवारीत,
सूशच्या वळणावर, बर्फ भुरभुरत असताना:
चार लाख बारा हजार सहाशे तेरा.
गाडी थांबली नाही.
पुढचे किलोमीटर कुणाच्याच वहीत नाहीत,
ते आम्हा दोघींचे.

सुबारू, स्टेशन वॅगन, मूळची हिरवी.
डावं दार राखाडी,
भंगारातून गिओनने शोधून आणलेलं.
त्याच्या काचेवर कुणाच्या तरी पोराने चिकटवलेला
अर्धा डायनॉसोर आहे.
मी खरवडला नाही.

मी गाईंचे खूर कापते.
मागची सीट केव्हाच काढली, ती गोठ्यात असते,
तिच्यावर दरसाल मांजर विते.
सीटच्या जागी कानशी, वाकडे चाकू, दोराची वेटोळी,
आणि एकदा मार्चमध्ये
एक ओलं वासरू,
ज्याने घाटभर माझा कान चोखला.
तो वास अजून गेलेला नाही. हीटर लावला की उठतो:
शेण, आयोडीन, गवत, क्लचची करप.
कुणी शेजारी बसलं तर मी काच खाली करते.
एवढाच पाहुणचार.

थंडीत तिला घाई चालत नाही.
किल्ली फिरवायची, खोकू द्यायचं,
आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.
मग चारही चाकं बर्फ धरतात,
म्हातारी गाय उतारावर
आधी पाय टेकून बघते
मग अंग टाकते, तशी.

परवा एक चकचकीत गाडी खड्ड्यातून ओढून काढली.
मालकाने विचारलं, किती झाली हिची?
मी काट्याकडे बोट दाखवलं.
खोटं काही बोलले नाही.

तपासणीला खूर शहरात जावं लागतं.
काफ्लिश नावाचा निरीक्षक खाली शिरला,
हातोडीने ठोकत गेला:
ठण, ठण, ठण,
आणि एका जागी ठप्प.
तो आवाज मला कुणी शिकवायला नको.
"किती दिवस?" मी विचारलं,
शेतकरी मला विचारतात त्याच आवाजात.
त्याने हात पुसले.
"पत्रा डकवा. दोन वर्षं निघतील.
आणि काटा बंद आहे तुमचा."

गिओनने पत्रा डकवला,
काट्यातलं एक बोटभर प्लास्टिकचं चाक बदललं,
दात झिजले होते त्याचे.
"मधले किती झाले असतील, अंदाजे? घालू?"
मी म्हटलं, राहू दे.

झेरनेत्सच्या पुलावर
चाकं नदीवरून जाताना
तेराचा तीन हळूहळू वर सरकला,
अर्ध्यात अडकला,
मी डॅशबोर्डवर एक थाप मारली,

चौदा.