पत्त्याचा रकाना

सराफ कट्ट्यावर एकतीस वर्षं मी गहाणवही लिहिली.
शाई माझी, सोनं लोकांचं,
कुलूप शेटजींचं.

सगळ्यात जुनी वही माझ्या हातची नाही.
तिच्यातलं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं,
आणि पहिलंच पान असं:
चिलवेरी लच्चय्या, मूळ राहणार जगित्याल, निजाम इलाखा.
पुस्ते दोन. वजन मासे तीन, गुंजा पाच.
कारण: माग.
पत्ता: मिलच्या मागं, बाभळीखाली.

रकाना बोटभर रुंद,
त्यात एक अख्खं झाड बसवलेलं.

तिकडं कुणीतरी उठवलं होतं म्हणे,
सोलापुरात सूत निघतं तेच पिवळं,
कोपरा झाडला तरी चार आणे सापडतात.
त्यात गावाचं जुनं नाव सोन्नलगी.
मग कोण थांबतंय?
निघाली माणसं. धोटे, पोरं, पातेली,
फडक्यात बांधलेला देव.

इथं खणलं तर काळी माती,
आणखी खणलं तर मुरूम.
सोनं नव्हतंच.
होतं ते येताना
त्यांच्याच बायकांच्या गळ्यात होतं.

बंगारम म्हणतात ते सोन्यालाही आणि लेकरालाही.
वहीत वजन फक्त एकाचं.

दुसऱ्या साली तीच बाभूळ सतरा जणांचा पत्ता.
मग ‘बाभळीची गल्ली’.
मग ‘गौरव्वाच्या खाणावळीसमोर’.
गौरव्वाला मागावर बसता येत नव्हतं.
तिला कडक भाकरी येत होती, शेंगाचटणी येत होती,
आणि उधारी कुणाची किती, हे तोंडपाठ.
वहीत तिचं नाव डाव्या बाजूला कुठंच नाही.
उजवीकडं आहे, मुदत टळलेल्या दागिन्यांच्या खाली:
खरेदी, गौरव्वा, रोख.
शेजारी इस्माईल धोटेवाला, तोही उजवीकडं.

पुढं गल्लीला मारुती आला,
मारुतीला पार, पाराला वर्गणी, वर्गणीला भांडण,
आणि गल्लीची पेठ झाली.
नळ आला त्या साली घरांना नंबर पडले.
बाभूळ केव्हा तोडली
ते कुणी लिहिलेलं नाही.

थोरले शेटजी म्हणायचे म्हणे,
गाव सुटलेल्या डागांनी वाढत नाही,
बुडालेल्या डागांनी वाढतं.
माझा पगार त्यातूनच निघायचा,
म्हणून मी कधी हो म्हटलं नाही
आणि नाहीही.

पहाटे दुकानं उघडायच्या आत
झारेकऱ्यांची शेवंता गटारीतली माती पाटीत भरायची.
कानसीखालून उडालेलं, डागातून झडलेलं,
कुणाचं काय, तिच्या पाटीत सगळं एक.
एकदा विचारलं, किती निघतं गं?
“निघतंय की ओ. तुमास्नी दिसत न्हाई तेवढं.”

मग माग भंगारात जाऊ लागले, किलोवर.
कारणाच्या रकान्यात नवी गावं आली:
भिवंडी. सुरत. फी. किडनी.
आणि माझ्या शेवटच्या महिन्यात
एक पोरगा आला, गळ्यातली चेन काढून ठेवली.
चिलवेरी वेणुगोपाल.
कारण: पुण्याला खोलीचं डिपॉझिट.
पत्ता?
“तिथला अजून नाही, काका.
लिहा, कंपनीच्या मागं.”

मी लिहिलं. बसलं रकान्यात.

पावती घडी घालता घालता तो म्हणाला,
आमच्या पणजोबांचं इथंच होतं ना गहाण, पहिलं?
आजी सांगायची. सुटलं का हो ते?

ते पान मला डोळे मिटून दिसतं.
शेऱ्याच्या जागी तीन शब्द आहेत,
आणि गौरव्वाची नात अजून
लग्नाकार्याला त्या पाटल्या घालते.

वाळवीनं खाल्ली ती वही, मी म्हणालो,
आणि तराजूवर झाकण ठेवलं.